घमेले तिच्या डोक्यावर, थापी त्याच्या हातात

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि त्यासरशी केंद्र सरकारने स्वतःचे जे पोवाडे गायिले, त्यांत एक कडवे स्त्रियांविषयीचे होते. यापुढे स्त्रिया सर्व आस्थापनांत सर्व प्रकारची कामे करू शकतील, त्यांच्या वाटेतील अडसर दूर झाले, असा त्याचा आशय. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तसे कलम आहे, हे खरे. खाणी आणि कारखाने यांपुरता त्या कलमाला काही अर्थही आहे, कारण तेथे रात्रपाळीवर आणि काही कामांवर कायद्याचीच बंदी होती. बांधकामाच्या क्षेत्रात मात्र हे कलम म्हणजे ज्या दाराला कधी कुलूपच नव्हते, ते समारंभपूर्वक उघडून दाखविण्याचा प्रकार आहे. स्त्रीने गवंडी होऊ नये असे १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात एक अक्षरही नव्हते. तरीही पुण्या-मुंबईच्या कोणत्याही बांधकामावर जावे आणि भिंत रचणाऱ्या, गिलावा करणाऱ्या, फरशी बसविणाऱ्या स्त्रिया मोजाव्यात. मोजण्यास एका हाताची बोटे पुरतील, आणि बहुधा तीही उरतील.

बांधकामात स्त्रियांना 'प्रवेश' मिळावा, अशी भाषा आपल्याही व्यासपीठांवरून अलीकडे ऐकू येते. ही भाषा बोलणारे कधी एखाद्या बांधकामाजवळून पायी गेले आहेत की नाहीत, असा प्रश्न मला पडतो. या देशात स्त्री बांधकामावर नव्हती असा काळ कोणी दाखवून द्यावा. धरणांची माती तिने वाहिली. रस्त्यांची खडी तिने फोडली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात जे पाझर तलाव आणि जे रस्ते झाले, आणि पुढे १९७७च्या रोजगार हमी कायद्याखाली जी कामे निघाली, त्यांवर बायांच्या रांगाच्या रांगा असत. हे ज्यांनी त्या कामांवर मोर्चे काढले त्या आपल्या जुन्या साथींना सांगावयास नको. शहरांतले स्लॅब जेव्हा माणसांच्या साखळीने भरले जात, तेव्हा त्या साखळीतली निम्मी-अर्धी कडी लुगड्यातली असे. शेतीखालोखाल या देशात सर्वांत जास्त माणसे कामाला लावणारा हा व्यवसाय आहे, आणि स्त्री त्यात पिढ्यान् पिढ्या आहे. ती आत आहेच. फक्त जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी आहे, आणि वरच्या पायरीवर पाऊल टाकण्याची तिला मुभा नाही.

बांधकामावरची उतरंड पाहा. वर कंत्राटदार, त्याखाली पेटी कंत्राटदार, त्याखाली मुकादम, मग मिस्त्री, त्याच्या हाताखाली बिगारी, आणि सर्वांत तळाशी बाई, जिला विदर्भात रेजा म्हणतात. भाषेतच पाहावयाचे तर 'रेजा' म्हटल्यावर पुरुष डोळ्यांपुढे येत नाही, आणि 'गवंडी' म्हटल्यावर बाई येत नाही. सुतारीण, लोहारीण, गवंडीण हे शब्द मराठीत आहेत. पण त्यांचा रूढ अर्थ त्या त्या माणसाची बायको, किंवा त्या जातीची स्त्री. रंधा, हातोडा किंवा थापी स्वतः चालविणारी, असा त्यांचा अर्थ आपल्या समाजाने कधी होऊ दिला नाही.

आता या विभागणीचे जे समर्थन केले जाते ते पाहू. पहिले आणि सर्वांत लोकप्रिय समर्थन शरीराचे. बाईच्या अंगात ताकद कमी, हे काम जड, म्हणून ते पुरुषाचे. हा युक्तिवाद एखाद्या बैठकीच्या खोलीत खपतो. कामावर जाऊन तो करणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. गवंड्याची हत्यारे कोणती? थापी, रंधा, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी. ही सगळी एका पिशवीत मावतात आणि ती पिशवी सायकलच्या मुठीला अडकविता येते. बाईचे हत्यार एकच, घमेले. एक वीट सुमारे तीन किलोची धरली तर दहा विटांची खेप तीस किलोंची होते. केंद्र सरकारने १९९८ साली केलेल्या बांधकामविषयक नियमांत स्त्रीने उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा तीस किलो आणि पुरुषाची पंचावन्न किलो ठरविली होती. म्हणजे अकरावी वीट डोक्यावर चढली की नियमभंग झाला! अकरावी वीट चढली म्हणून कोणा कंत्राटदारावर खटला भरला गेल्याचे आपल्यापैकी कोणी ऐकले आहे काय? काँक्रीटचा हिशेब याहून बोलका आहे. एका घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किलो. घमेल्यात वीस किलो धरले तर एका घनमीटरला १२० घमेली होतात. ही घमेली जमिनीवरून तिसऱ्या मजल्यावर ज्या मानेने आणि ज्या कमरेने नेली, ती दुबळी. आणि परांचीवर बसून दोन विटांच्या मध्ये माल भरणारे मनगट बलवान! जे काम जड आहे ते 'अकुशल' ठरवून बाईला दिले आणि जे हलके आहे ते 'कुशल' ठरवून पुरुषाने ठेविले, हा सरळ व्यवहार आहे. त्याला शरीरशास्त्राचा आधार शोधू नये.

दुसरे समर्थन कौशल्याचे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वेतनातील फरकाचे उत्तर म्हणून हे फार जुने आहे: ज्याच्यापाशी कौशल्य जास्त त्याला मजुरी जास्त. किमान वेतनाच्या कोष्टकांतही कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन पायऱ्या पाडलेल्या असतात आणि त्या जणू निसर्गानेच आखून दिल्या आहेत अशा गांभीर्याने त्यांवर वाटाघाटी होतात. येथे मी ॲडम स्मिथची साक्ष काढतो. भांडवलशाहीच्या पुरस्कर्त्यांनी त्याला आपला कुलपुरुष मानले आहे. पण पुरुषसूक्ताप्रमाणे त्याचे नाव घेणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. १७७६च्या आपल्या ग्रंथात त्याने असे निरीक्षण नोंदविले आहे की, कुशल कामांमध्ये गवंड्याच्या कामाइतके शिकण्यास सोपे काम क्वचितच असेल. गवंड्याला जी अधिक मजुरी मिळते ती कौशल्याची किंमत म्हणून मिळत नाही, पावसापाण्याने आणि थंडीने काम बंद पडते त्या अनिश्चिततेची ती भरपाई असते. स्मिथचे हे म्हणणे गवंड्यांना फारसे मानवणार नाही, आणि चांगल्या कारागिराच्या हातातली कला मीही नाकारीत नाही. पण त्याचा तर्क मान्य केला तर पुढचा प्रश्न अटळ आहे. पावसाळ्यात काम बंद पडते ते काय गवंड्यापुरतेच पडते? घमेले वाहणारीची चूल त्या चार महिन्यांत पेटत राहते? अनिश्चितता दोघांची सारखी. भरपाई मात्र एकालाच. त्याच स्मिथने कारागिरांच्या संघांवर आणि त्यांच्या लांबलचक उमेदवारीच्या नियमांवर कोरडे ओढले होते, कारण बाहेरच्याला आत येऊ न देण्याची ती युक्ती होती. आपल्याकडे असे लेखी नियम नाहीत. लेखी नियम कोर्टात रद्द करून घेता येतो, अलिखित नियमाला कोठे पकडणार?

तो अलिखित नियम कसा चालतो ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपली मंडळी येथेच चुकतात आणि 'प्रशिक्षण वर्ग काढा' म्हणून मोकळी होतात. गवंडीकाम वर्गात शिकले जात नाही. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा गावाकडून मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर कामावर येतो. पहिले काही महिने तोही मालच कालवतो, विटाच भिजवतो. मग दुपारच्या सुट्टीत मिस्त्री बिडी ओढीत बसला असता हा त्याची थापी उचलतो. मिस्त्री हसतो, चार शिव्या देतो, आणि सांधे कसे भरावेत ते दाखवितो. पुढे आतल्या भिंतीचे खालचे थर त्याच्या हाती येतात. चुकले तर गिलाव्याखाली झाकून जाते. दोन-तीन हंगामांत तो 'अर्धा मिस्त्री' होतो, आणि आणखी दोन-तीन हंगामांत पुरा. हे शिक्षण फुकट आहे, पण ते सर्वांना खुले नाही. त्याची फी नात्याच्या, गावाच्या आणि मिशीच्या नाण्यात घेतली जाते.

त्याच मिस्त्रीच्या शेजारी पंधरा वर्षे माल वाहणारी बाई नजरेनेच सांगू शकते की मालात सिमेंट कमी पडले आहे. ओळंबा सुटण्याआधीच तिला दिसते की भिंत पोटात आली आहे. पण तिने थापीला हात लावला तर काय होते? पहिली गोष्ट म्हणजे दुपारच्या ज्या सुट्टीत तो मुलगा शिकतो, त्या सुट्टीत ही वाळूच्या ढिगाआड झोळीत निजविलेल्या लेकराला पाजीत असते. पहाटे उठून तिने स्वयंपाक केलेला असतो, आणि काम सुटल्यावर मिस्त्री जेव्हा पारावर बसतो तेव्हा तिला पत्र्याच्या खोलीतला दुसरा पाळा भरावयाचा असतो. शिकण्यास जी मोकळी घटका लागते, ती घटकाच तिच्या दिवसात नाही. दुसरी गोष्ट, परपुरुषाकडून हत्यार धरावयास शिकणे याला वस्तीत एक नाव आहे, आणि ते नाव उस्तादाला चिकटत नाही, बाईलाच चिकटते. तिसरी गोष्ट पैशांची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ठेक्याच्या कामात मिस्त्रीची कमाई त्याच्या हाताखाली किती स्वस्त आणि किती वाकबगार माणूस आहे यावर अवलंबून असते. पंधरा वर्षांच्या अनुभवाची, न सांगता काम उमगणारी आणि तरीही तळाच्या मजुरीवर राबणारी बाई ही त्याची खरी भांडवली गुंतवणूक आहे. तिला थापी शिकविणे म्हणजे स्वतःचा एक मदतनीस गमावून स्वतःला एक प्रतिस्पर्धी उभा करणे. इतका परोपकारी माणूस बाजारात सहसा सापडत नाही.

शिवाय मराठवाड्यातून, कलबुर्गीकडून किंवा पालमूरकडून येणारी कितीतरी कुटुंबे 'जोडी' म्हणून कामाला लागतात. ऊसतोडीत नवराबायको मिळून जसा एक 'कोयता' होतो, तसाच हा प्रकार. उचल नवऱ्याच्या हाती, हिशेब नवऱ्याच्या नावावर, आणि आठवड्याचा बाजारही त्याच्याच हाताने. अशा स्त्रीचे काम दिसते, पण वेतनपत्रकात तिचे नाव दिसत नाही. जिचे नावच नाही तिची बढती कोणत्या रकान्यात लिहावयाची?

कायद्याने याबाबत काय केले? राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. १९७६ साली समान वेतन कायदा झाला. १९८२च्या एशियाडसाठी दिल्लीत जी क्रीडागारे आणि उड्डाणपूल उभारले गेले, त्यांवरील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा असे उघड झाले की, नऊ रुपये पंचवीस पैसे किमान वेतन असता मध्ये जमादार एक रुपया कापून घेत होता, आणि स्त्रियांच्या हाती तर सातच रुपये पडत होते. देशाच्या राजधानीत, सरकारच्याच कामावर, कायदा होऊन सहा वर्षे लोटल्यावर हे चालले होते. न्यायालयाने त्या वर्षी दिलेला निकाल श्रमिकांच्या दृष्टीने ऐतिहासिक होता, यात वाद नाही. पण त्या कायद्याच्या पोटात एक मेख आहे. तो समान 'कामा'ची तुलना करतो. एकाच कामावर पुरुष बिगारी आणि स्त्री बिगारी असतील तर तुलना करता येते, आणि तेथेही मजूर नाक्यावर आजतागायत दोन भाव आहेत, हे सकाळी आठ वाजता कोणत्याही नाक्यावर उभे राहणाऱ्यास दिसेल. परंतु गवंडी सगळे पुरुष आणि रेजा सगळ्या स्त्रिया असतील, तर समान वेतन कायदा तोंडात बोट घालून बसतो. कामेच निराळी, मग वेतन समान कसे मागणार? विषमता वेतनातून काढून कामाच्या वाटणीत नेऊन ठेविली की ती कायदेशीर होते.

ही मेख ओळखूनच १९८७ साली त्या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली होती. भरतीपुरताच नव्हे, तर भरतीनंतरच्या सेवाशर्तींत, म्हणजे बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतही स्त्रियांबाबत भेदभाव करता येणार नाही, असे शब्द त्यात घातले गेले. 'प्रशिक्षण' आणि 'बढती' हे ते दोन शब्द. बांधकामावरच्या बाईला संबंध भारतीय कायद्यात जर कोणते शब्द उपयोगी पडणारे होते तर ते हेच. साथींनो, आता २०१९ची वेतनसंहिता काढून पाहा. समान वेतन कायदा या संहितेत विलीन झाला असे सांगितले जाते. संहितेच्या तिसऱ्या कलमात वेतनातील आणि भरतीतील भेदभावाची मनाई आहे. बढती आणि प्रशिक्षण हे शब्द मात्र विलीन होताना वाटेतच कोठे तरी बुडाले. जुन्या कायद्याखालील सल्लागार समितीत निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात असे बंधन होते. नव्या सल्लागार मंडळांत ते प्रमाण एक-तृतीयांशावर आले. एका संहितेत 'सर्व प्रकारची कामे स्त्रियांना खुली' असे मोठ्या अक्षरांत लिहावयाचे आणि दुसऱ्या संहितेतून त्या कामापर्यंत पोहोचविणारे शब्द गाळावयाचे, या कारागिरीला दाद द्यावी तेवढी थोडीच आहे. ही गाळणूक अनवधानाने झाली असेल असे ज्यांना वाटते त्यांनी तसे खुशाल समजावे. अनवधान नेहमी एकाच बाजूला कसे झुकते, एवढेच मी विचारतो.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे वळू. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यावयाचा आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी खर्चावयाचा, ही १९९६च्या कायद्यांची कल्पना चांगली होती. ती सहजासहजी मिळाली नाही. त्यासाठी देशभरच्या बांधकाम मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोहीम चालविली होती. पण पैसा गोळा झाला आणि तो पडून राहिला, यावर सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली कडक ताशेरे ओढावे लागले. महाराष्ट्रात मंडळाने पैसा खर्च करावयास घेतला तेव्हा त्यातून काय वाटले? गृहोपयोगी वस्तूंचा संच. ताटे, वाट्या, कढई, कुकर. भांडी गरिबाला लागतात, ती मिळाली तर मला दुःख नाही. पण जी बाई आयुष्यभर घमेले वाहते आहे, तिच्यासाठी जमविलेल्या पैशातून तिला कुकर द्यावा असे ज्यांना सुचते आणि थापी द्यावी असे सुचत नाही, त्यांच्या डोक्यात स्त्रीची जागा कोठे आहे हे निराळे सांगावयास नको. तो कुकर मिळण्यासाठीही नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. दाखला कंत्राटदाराने द्यावयाचा. जोडीत राबणाऱ्या बाईचे नव्वद दिवस नवऱ्याच्या नव्वद दिवसांत मिसळून गेलेले असतात. दुसरीकडे ज्याने आयुष्यात वीट उचलली नाही, अशा माणसाची नोंदणी करून देणारे दलाल तालुक्यातालुक्याला दुकान मांडून बसले आहेत.

यंत्रांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो निकडीचा आहे. १९९०नंतर तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या गाड्या आणि माल वर चढविणारे पंप आपल्या शहरांत आले. यंत्राने मानेवरचे ओझे उतरत असेल तर समाजवाद्याने त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्र येते तेव्हा ते आधी घमेले खाते, म्हणजे बाईचे काम खाते, आणि यंत्राची कळ फिरविण्याचे नवे काम पुरुषाच्या पदरात टाकते. हे आपण एकदा पाहिलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९२०च्या दशकात दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. १९२९चा प्रसूती-लाभ कायदा आला तसा मालकांनी त्याचाही बहाणा केला, नवी यंत्रे आली, आणि १९८२च्या संपापर्यंत स्त्री कामगार शोधाव्या लागतील अशी अवस्था झाली. त्या काळात आपल्या चळवळीच्या संघटना काय करीत होत्या? बहुतेक ठिकाणी कमावत्या पुरुषाच्या नोकरीसाठी झुंजत होत्या. ती झुंज खोटी नव्हती, पण त्या झुंजीच्या मागच्या दाराने स्त्रिया बाहेर काढल्या जात होत्या. तळाची पायरी आता यंत्राने मोडत चालली आहे. वरच्या पायरीवर जागा झाली नाही, तर यापुढची बाई जिन्यावरच दिसणार नाही. ती घरकामाच्या बाजारात दिसेल, आणखी स्वस्त.

हे लिखाण पक्षाच्या पत्रात येत असल्यामुळे घरातले बोलणे भाग आहे. डॉ. लोहियांनी सप्तक्रांती सांगितली तेव्हा नर-नारी समतेचे नाव त्यांनी पहिले घेतले. आमच्या बांधकाम मजूर संघटनांच्या पदाधिकाऱ्यांच्या याद्या पाहाव्यात. मोर्चाच्या पहिल्या ओळीत बाया, निदर्शनात तुरुंगात जावयास बाया, आणि कार्यकारिणीत मिस्त्री. हे मिस्त्री आपलेच आहेत, लढाऊ आहेत. पण त्यांतले बरेचजण छोटे ठेके घेतात, म्हणजे सकाळी जिचे ते मालक असतात तिचेच संध्याकाळी पुढारी होतात. हा हितसंबंधांचा गुंता आपण कधी बैठकीत मांडला आहे काय? 'आधी सर्वांना किमान वेतन मिळू द्या, बाईच्या थापीचे नंतर पाहू' हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. हे 'नंतर' गिरण्यांत आले नाही. कामगार संघटनाही दार अडवू शकते, याचे कायदेशीर उदाहरण मुंबईच्याच चित्रपटधंद्यातले आहे. तेथे रूपसज्जाकारांच्या संघटनेने रंगभूषेचे काम पुरुषांसाठी राखून ठेविले होते; स्त्रीने केशभूषा करावी, चेहऱ्याला रंग लावू नये! एका स्त्री कलावंताच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरविला. तो नियम लेखी होता म्हणून तो ठरविता आला. आपल्या संघटनांत असा नियम लिहिलेला नाही, एवढ्यावर आपण निश्चिंत राहावयाचे का?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी चार ठिकाणे सांगतो. केरळात कोट्टायम परिसरात स्त्रियांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकविण्याचे प्रयत्न अनेक वर्षे टिकले आहेत. अहमदाबादेत 'सेवा'ने या शतकाच्या आरंभी बांधकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी कर्मिका नावाची शाळा काढली. झारखंडात २०१७-१८च्या सुमारास शौचालये बांधावयास मिस्त्री मिळेनात, तेव्हा गावच्या बचतगटांतल्या स्त्रियांना शिकविण्यात आले आणि 'रानी मिस्त्री' हा शब्दच रूढ झाला. आणि आपल्या घरचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करावयाचे होते. गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या, आणि ज्या बायांनी सरकारी अभियंत्याशी कधी मान वर करून बोलणे केले नव्हते, त्या भिंतीतल्या सिमेंटबद्दल आणि सळयांबद्दल जाब विचारू लागल्या. या उदाहरणांत एक धडा आहे, आणि तो उत्साही मंडळी विसरतात. शिकवून झाल्यावर जिला नाक्यावर सोडले, तिच्या हाती बाजार पुन्हा घमेलेच देतो. प्रमाणपत्र पेटीत राहते. झारखंडात ती मिस्त्री झाली, कारण काम देणारे सरकार होते आणि मिस्त्रीची गरज तत्काळ होती. म्हणजे शिकविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आहे ते शिकलेल्या हाताला काम देण्याच्या सक्तीला.

आणि ही सक्ती करण्याचे साधन सरकारच्या हाती आहे. या राज्यातील रस्ते, शाळा, दवाखाने, घरकुले, पाण्याच्या टाक्या हे सर्व जनतेच्या पैशाने बांधले जाते. त्या प्रत्येक निविदेत अशी अट घालता येते की, कामावरील गवंड्यांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असतील, आणि ठराविक मुदतीनंतर गवंडी म्हणून मजुरी घेणाऱ्यांतही त्या असतील. नसतील तर शेवटचे बिल अडेल. अमेरिकेत १९७८ साली केंद्र सरकारच्या बांधकाम कंत्राटांसाठी स्त्रियांच्या श्रमाचे ६.९ टक्के उद्दिष्ट ठेविण्यात आले होते. ते कागदावरच राहिले, कारण न पाळणाऱ्याचे काही बिघडत नव्हते. आणि ज्या आदेशावर ते आधारलेले होते तो आदेशच तिथल्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५मध्ये रद्द केला. बिल अडविण्याची धमक नसेल तर आपली अटही त्याच वाटेने जाईल.

शिकण्याच्या काळातली मजुरी उपकरातून द्यावी. एक कोटीच्या बांधकामामागे एक लाख रुपये मंडळाकडे जमा होतात. एका बाईला सहा महिने थापी धरावयास शिकविताना तिचा रोज बुडू नये, आणि तिला शिकविणाऱ्या मिस्त्रीलाही काही मेहनताना मिळावा, एवढा खर्च त्यात सहज बसतो. मिस्त्रीचा तोटा भरून दिल्याखेरीज तो शिकविणार नाही. त्याच्या सद्भावनेवर योजना उभारू नये. जोडीची पद्धत कागदावरून हद्दपार करून प्रत्येकीचा हजेरीचा रकाना आणि प्रत्येकीचे बँकखाते निराळे झाले पाहिजे, मग नव्वद दिवसही तिचे स्वतःचे होतील. पाळणाघराचे मी शेवटी म्हणतो, पण ते पहिले आहे. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दी प्रदर्शनाच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले, त्यातून 'मोबाइल क्रेशेस'चे काम पुढे मुंबई-पुण्यापर्यंत आले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी कायद्याने पाळणाघर मान्य केले, तेही पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर! कंत्राटदाराने हजेरीवर एकोणपन्नास दाखविल्या की पाळणाघर वाचले. पन्नासाचा हा आकडा नव्या संहितेत स्त्री-पुरुष मिळून मोजावयाचा आहे, ही एक बरी सुधारणा झाली आहे, आणि ती कबूल केली पाहिजे. पण उपकंत्राटांचे तुकडे पाडून पन्नासाच्या खाली राहण्याची कला कंत्राटदाराला नव्याने शिकावी लागणार नाही.

वेतनसंहितेत बढती आणि प्रशिक्षण हे दोन शब्द परत घालावेत, अशी दुरुस्ती आपल्या पक्षाने विधिमंडळात आणि संसदेत, आणि जेथे सभासद नाहीत तेथे सह्यांच्या मोहिमेतून, मागितली पाहिजे. बांधकाम मजुरांत काम करणाऱ्या साथींना माझी विनंती याहून लहान आहे. संघटनेच्या सभासद-अर्जावर 'कामाचा प्रकार' असा रकाना असतो, आणि बाई समोर आली की तो आपणच न विचारता 'बिगारी' असा भरतो. पुढच्या वेळी तिला विचारावे, किती वर्षे काम करतेस, काय काय येते. आणि ती जे सांगेल ते लिहावे. पुढच्या वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक शाखेने असे अर्ज एकत्र करून किती जणींना सांधे भरता येतात, किती जणींना गिलावा येतो, किती जणी कधी तरी मिस्त्री नसताना भिंत रचून मोकळ्या झाल्या आहेत, याची यादी आणावी. ती यादी घेऊन कामगार आयुक्तांकडे जाता येईल, आणि त्याआधी आपल्या कार्यकारिणीतल्या मिस्त्रींकडेही.